‘एक्स ग्रेशिया’ म्हणजे बोनस नव्हे

हिंजवडी, चाकण आणि पिंपरीतील नोकरदारांमध्ये दिवाळीच्या सुमारास एक संदेश फिरतो: ‘एक्स ग्रेशिया हे बोनसचेच दुसरे नाव असून ते किमान ८.३३ टक्के देणे प्रत्येक मालकावर बंधनकारक आहे.’ हे विधान चुकीचे आहे.

या लॅटिन शब्दप्रयोगाचा अर्थ ‘अनुग्रहाने’ असा होतो, म्हणूनच शासकीय मराठीत त्याला ‘सानुग्रह अनुदान’ म्हणतात. देणाऱ्यावर कायदेशीर देणे नसताना, दायित्व मान्य न करता, स्वेच्छेने दिलेली ही रक्कम असते. ८.३३ टक्क्यांची किमान मर्यादा बोनसची आहे. ती १९६५ च्या बोनस कायद्यात होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही कायम आहे, परंतु ती ठरावीक वेतनमर्यादेतील आणि वर्षात किमान ३० दिवस काम केलेल्या कर्मचाऱ्यांपुरतीच. त्या मर्यादेबाहेरच्या कर्मचाऱ्यांना अनेक कंपन्या सानुग्रह रक्कम देतात, आणि गोंधळाचे मूळ बहुधा इथेच आहे. अर्थात नियुक्तिपत्रात किंवा संघटनेशी झालेल्या करारात ती देण्याचे मान्य केले असेल, तर केवळ नावामुळे हक्क बुडत नाही.

कायद्यानेही हे नाव वापरून बंधन घातल्याचे महत्त्वाचे उदाहरण आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ च्या कलम १२ मध्ये जीवितहानीबद्दल सानुग्रह साहाय्याचा उल्लेख आहे, आणि कोविड मृत्यूंच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये ही तरतूद अनिवार्य ठरवली. त्यानंतर प्रत्येक मृत्यूमागे ५०,००० रुपये निश्चित झाले.