‘बसमधून उरकलेलं आइसलँड’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण ह्यांनी लॅपटॉप मिटवला आणि ‘उद्या लिही’ म्हणाले. बरं झालं. त्या रात्री लिहिलं असतं तर नुसतं भांडण झालं असतं आणि तुमचा एक मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे हे कबूल करायचं राहून गेलं असतं.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एक दिवसाच्या सहलीबद्दल मी जे लिहिलं ते तुमच्या मते प्रवासवर्णन नाहीच, ते ‘बसमधून उरकलेलं आइसलँड’ आहे, सहलीच्या कंपनीची ‘जाहिरात’ आहे. गाईड सांगेल तिथे उतरायचं आणि हाक आली की चढायचं, म्हणजे शाळेची सहल. गाडी भाड्याने घेऊन स्वतः फिरायला हवं होतं. शिवाय काळा दगड आणि धबधबेच बघायचे तर सह्याद्री काय वाईट आहे? 2010 साली ‘ज्वालामुखीच्या लाव्हारसामुळे’ युरोपातली विमानं बंद पडली, हे माझं वाक्य चूक आहे. आणि विमानाने जाऊन वितळत्या हिमनद्यांबद्दल हळहळायचं, हा दुटप्पीपणा.

विमानांच्या वाक्यापासून सुरू करते, कारण तिथे मी चुकले. विमानं थांबली ती राखेमुळे. एय्याफ्याट्लायोकुट्ल (बसमध्ये हे नाव गाईडने सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं, ह्यांना पहिल्या फटक्यात जमलं आणि तेव्हापासून ते उगाच भाव खातात) हा बर्फाच्या टोपीखालचा ज्वालामुखी. 20 मार्च 2010 ला त्याच्या शेजारच्या खिंडीत जमिनीला भेग पडून लाव्हा वाहिला. त्याचा कुणाला त्रास नव्हता, उलट लोक तो बघायला चालत वर गेले. खरा घोळ 14 एप्रिलला झाला, जेव्हा बर्फाच्या खालीच तोंड उघडलं. तापलेल्या रसाला वितळलेलं पाणी लागलं की कडकडीत तेलात पाण्याचा थेंब पडल्यासारखं होतं. रसाच्या ठिकऱ्या उडतात आणि त्यांची काचेसारखी बारीक राख होते. ती विमानाच्या इंजिनात गेली की आतल्या उष्णतेने पुन्हा वितळते आणि पुढच्या पात्यांवर जाऊन बसते. म्हणून जवळजवळ सहा दिवस युरोपचं बरंचसं आकाश बंद होतं आणि सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली. माझ्या वहीत ‘राख’ असंच लिहिलेलं आहे, टाइप करताना मी त्याचा लाव्हारस केला. वाक्य दुरुस्त केलं. आभार.

आता बस. ह्यांचं वय त्रेसष्ट, मागच्या वर्षी मोतीबिंदू काढलेला. तिकडे गाडी उजव्या अंगाने हाकायची. राजधानी रेक्याविकपासून वीक गाव जवळपास 190 किलोमीटर, संध्याकाळी तेवढंच परत. वाटेत वारा असा की गाडीचं दार हातातून सुटून उलटं वाकणं ही तिथे नवलाची गोष्ट नाही, आणि भाड्याच्या गाड्यांच्या विम्यात बहुधा ते नुकसान धरत नाहीत. आम्ही दोघं गाडीने गेलो असतो तर ह्यांची नजर रस्त्यावर आणि माझी ह्यांच्यावर राहिली असती. खिडकीबाहेरचा हेक्ला पर्वत दोघांनाही दिसला नसता. तुम्ही चाळिशीच्या आतले असाल तर जरूर गाडी घ्या. पण आमच्या वयाच्या माणसांनी बसने जाणं म्हणजे फसवणूक, हे काही मला पटत नाही.

आणि हिमनदीवर तर स्वतःच्या गाडीने गेलेल्यांनीही गाईड घ्यावाच. बर्फातल्या भेगा, पाणी जिथून भोवरा करत खाली घुसतं त्या विहिरी, वर ताजा बर्फ पडला की दिसतही नाहीत.

सोलहेमायोकुट्ल या हिमनदीवर काय झालं ते मूळ लेखात मी चार ओळींत संपवलं होतं, ती माझीच चूक. आमची गाईड पंचविशीची मुलगी होती, हिवाळ्यात बचाव पथकात स्वयंसेवक म्हणून काम करणारी. तिने आमच्या बुटांना लोखंडी काटे बांधले, हातात बर्फाची कुऱ्हाड दिली आणि बदकासारखं पाय फाकवून चालायला शिकवलं. समोर हिमनदी. खरं सांगू? माझा विरस झाला. फोटोतला निळा बर्फ मनात धरून गेले होते आणि समोर हे, डांबरीकरण चालू असताना पाऊस पडावा तसं काळं-राखाडी सगळं माखलेलं.

वर चढलो तर जागोजागी काळे सुळके, गुडघ्याएवढे, थेट वारुळं. मला वाटलं मातीचे ढीग. मुलीने कुऱ्हाडीच्या टोकाने एकाची साल खरवडली. दोन बोटं काळी राख आणि आत लख्ख बर्फ! राखेचा थर पातळ असला तर तो ऊन पितो आणि खालचा बर्फ भराभर वितळवतो. तोच थर जाड झाला की गोधडीचं काम करतो. मग आजूबाजूचा बर्फ वितळून खाली बसतो आणि गोधडीखालचा तेवढा उभा राहतो. दहा मिनिटांपूर्वी ज्याला मी घाण म्हणत होते त्याच्यासमोर आम्ही सगळे उकिडवे बसून बोटं लावून बघत होतो.

ही राख कुठली, तर त्यातली काही कात्लाची. ही हिमनदी ज्या मोठ्या हिमटोपीची जीभ आहे, त्या मीरदाल्सयोकुट्लच्या खाली कात्ला ज्वालामुखी बसलेला आहे. त्याचा शेवटचा मोठा उद्रेक 12 ऑक्टोबर 1918 ला सुरू झाला. तेव्हा वर पडलेली राख पुढच्या हिमवर्षावांत गाडली गेली, आणि बर्फ तर परातीत सैल झालेल्या कणकेसारखा उताराने सरकत असतोच. शंभर वर्षांत ती राख आतल्या आत प्रवास करत टोकाशी आली आणि आता उघडी पडते आहे. बर्फाच्या एका भिंतीत तिने हातमोज्याने काळी रेघ दाखवली आणि म्हणाली, ही 1918. माझी आजी मानमोडीच्या साथीतली, म्हणजे त्याच सालची. मी हातमोजा काढून त्या रेघेवर बोट ठेवलं. बोट काळं झालं, गार तर इतकं की मिनिटभर जाणीवच गेली.

तुमच्या सल्ल्याप्रमाणे एकटी गेले असते तर तो काळा ढीग ओलांडून फोटोतला निळा बर्फ शोधत पुढे निघून गेले असते. माझं सगळं उत्तर खरं म्हणजे एवढंच आहे. पाहण्यात मी कुठे कमी पडते ते मला माहीत आहे, म्हणून सांगणारं माणूस बरोबर घेतलं.

सह्याद्रीबद्दल मात्र तुमच्याशी वाद घालायची इच्छाच नाही, कारण दगड तोच. बेसॉल्ट. आपण ज्याला काळा पाषाण म्हणतो, ज्यात वेरूळ कोरलं आणि ज्यावर गड उभे राहिले तो. दख्खनच्या या दगडी थरांना इंग्रजीत ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, त्यातला ट्रॅप म्हणजे पायरी, मूळ शब्द स्वीडिश. एकावर एक लाव्हाचे थर निवत गेले म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. रेनिसफ्यारा किनाऱ्याच्या काळ्या वाळूत उभी असलेली दगडी खांबांची भिंत बघून मला आधी अंधेरीचा गिल्बर्ट हिल आठवला. तसेच पंचकोनी-षटकोनी खांब, घडवलेल्या चिऱ्यासारख्या कडा. गाईडने कारण सांगितलं: लाव्हा निवताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि तडे पृष्ठभागाकडून आत आत जात खांब सुटे करतात. सुकणाऱ्या चिखलासारखं, म्हणाली. माझ्या डोळ्यांपुढे मिरजेकडचं आमचं रान आलं. मे महिन्यात काळ्या जमिनीला अशा भेगा पडतात की हात घातला तर कोपरापर्यंत जावा. तिथे पाणी उडून जमीन आकसते, इथे उष्णता जाऊन दगड. आणि ती काळी माती तरी काय, याच दगडाचं लाखो वर्षं दळलेलं पीठ. हे मी तिला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं तेव्हा तिने चक्क वहीत टिपून घेतलं. (लेखात हे लिहिलं नव्हतं, फुशारकी वाटेल म्हणून. आता तुम्ही विषय काढलाच आहे.)

पण सह्याद्री असताना तिकडे जायचं कशाला, याचं कारणही त्याच दगडात आहे. आपला बेसॉल्ट साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांचा. आइसलँडचा सगळ्यात जुना दगड 1 कोटी 60 लाखांच्या आसपासचा, म्हणजे आपल्या पावपट वयाचा, आणि नवा दगड तर अजून तयार होतोय. सह्याद्री हे कधीच शिजून, निवून, पावसाळ्यांनी घासून काढलेलं भांडं आहे. तिथलं अजून चुलीवर आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये ग्रिंडाविक हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं आणि डिसेंबरपासून त्या भागात पुन्हा पुन्हा जमीन फाटून लाव्हा वर आला. वीक गावात टेकडीवर एक छोटं चर्च आहे, लाल छपराचं, त्याचे फोटो सगळेच काढतात. कात्ला फुटला तर बर्फ वितळून पुराचा लोंढा येईल, तेव्हा गावाने धावत त्या चर्चपाशी जमायचं, असं ठरलेलं आहे. पन्हाळ्यावर उभं राहून मला कधी पळायची वाट शोधावी लागली नाही.

तुमच्या बाजूनेही थोडं बोलते. सहलीत खटकलेल्या गोष्टी मी लेखात गिळल्या होत्या. सेल्यालान्सफॉस धबधब्याला आम्हाला जेमतेम पंचवीस मिनिटं दिली. धबधब्याच्या मागून चालत जाता येतं, साठ मीटरवरून पडणारा पडदा आपल्या आणि जगाच्या मध्ये असतो. तिथे पोचेपर्यंत रेनकोट चढवा, चष्मा पुसा, निसरड्या दगडावरून जपून पाय टाका, यातच वीस मिनिटं गेली. तो कडा एके काळी समुद्राचा किनारा होता, आता समुद्र काही किलोमीटर मागे हटलाय, हे मला बसमध्ये चढल्यावर कळलं. मान वळवून बघितलं तोवर वळण आलं. स्कोगाफॉस या पुढच्या धबधब्याच्या बाजूला पाचशेच्यावर पायऱ्या आहेत, मी निम्म्यातून परत फिरले, कारण खालून हाका सुरू झाल्या. जेवणाचा थांबा पेट्रोल पंपावर, शाकाहारी माणसाला बटाट्याच्या काचऱ्या आणि कॉफी. आम्ही मेथीचे ठेपले नेले होते म्हणून निभावलं. माणशी चौदा-पंधरा हजार रुपये घेऊन पाऊण तास जास्त द्यायला हरकत नव्हती, हे मी कंपनीला लिहूनही कळवलं. उत्तर आलं नाही. तेव्हा ‘जाहिरात’ हा शब्द तेवढा मागे घ्या.

पण हाकांबद्दल आणखी एक. रेनिसफ्याराला लाटा दिसतात तशा नसतात. चार-पाच साध्या येतात आणि मग एखादी मुकाट्याने थेट वाळूवर पळत वरपर्यंत येते. माणसं ओढून नेली आहेत तिने. म्हणून तिथे इशाऱ्याचे दिवे लावलेत. आमच्यातला एक तरुण फोटोसाठी पाण्याकडे पाठ करून उभा होता. त्या मुलीने अशी किंकाळी फोडली की मीसुद्धा चार पावलं मागे सरले. तो उभा होता तिथे पुढच्या मिनिटाला फेस होता, घोट्याच्या वर. त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने मारलेली हाक तीच, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

विमानाबद्दलच्या तुमच्या टोमण्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मुलगी डब्लिनला असते, तिच्याकडे जायचंच होतं, तिथून आइसलँड अडीच तासांवर, असं मी स्वतःला समजावते. पण तो हिशेब सोयीचा आहे हे मला कळतं. सोलहेमायोकुट्लच्या वाहनतळावरून हिमनदी गाठायला आता बरंच चालावं लागतं आणि तिच्या पायथ्याशी तळं साचलंय. जवळच्या ह्वोल्सव्होट्लुर गावातली शाळेची मुलं 2010 पासून दरवर्षी ती किती मागे गेली ते मोजतात आणि पाटीवर आकडा लिहितात. त्या पाटीसमोर मी फोटो काढला नाही. लाज वाटली म्हणा.

प्रतिक्रियेच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की पन्हाळ्याजवळ बांदिवड्यालाही तसेच खांब आहेत आणि सांगलीच्या माणसाने आधी ते बघायला हवे होते. हे झोंबलं, कारण खरं आहे. पुढच्या महिन्यात जाऊ म्हणतोय. कोल्हापूरहून तिथवर एसटी जाते का, आणि गावात कुणी दाखवणारं, सांगणारं भेटेल का, तेवढं कळवा.