खुलासा : ब्रिटनमध्ये आश्रय मागणाऱ्यांना मिळणारे पैसे

रत्नागिरी, दापोली, चिपळूणच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: आश्रय मागणाऱ्या (म्हणजे आपल्या देशात जिवाला धोका आहे म्हणून तिथे राहू द्या, असा अर्ज करणाऱ्या) प्रत्येकाला ब्रिटन सरकार आठवड्याला शेकडो पौंड रोख देतं, आणि तेही तिथल्या केअर होममध्ये (वृद्ध-आजाऱ्यांची देखभाल करणाऱ्या घरांत) राबणाऱ्या आपल्या मुलांच्या टॅक्समधून. हे खरं नाही.

स्वतः स्वयंपाक करून राहणाऱ्याला आठवड्याला ४९.१८ पौंड मिळतात, तेही कार्डावर. म्हणजे दिवसाला जेमतेम सात पौंड. त्यात जेवण, कपडे, साबण, फोन, बस सगळं. सरकारने हॉटेलात ठेवलेल्या, तयार जेवण मिळणाऱ्याला आठवड्याला दहा पौंडही नाहीत. आश्रयाच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत कामाची परवानगी सहसा नसते. बारा महिने अर्ज रखडला तरच ती मागता येते.

मग आश्रय मागणाऱ्यांवर सरकारचा एवढा खर्च होतो, तो कुठे जातो? खर्च मोठा आहे, ते नाकारायचं कारण नाही. तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसने (सरकारी खर्च तपासणारी संस्था) मे २०२५ मध्ये सांगितलं की निवासाच्या दहा वर्षांच्या कंत्राटांच्या खर्चाचा अंदाज ४.५ अब्जांवरून १५.३ अब्ज पौंडांवर गेलाय. तेव्हा हॉटेलांत माणसं सुमारे ३५ टक्के, खर्च मात्र ७६ टक्के. हा पैसा निवासाच्या कंत्राटांत जातो, माणसांच्या हातात नाही. अर्ज वर्षानुवर्षं तुंबले की हॉटेलांचं बिल चढतं.

आपल्या मुलांवरचा भार खराच आहे. व्हिसावर सरकारी भत्ते नाहीत, वर बहुतेक व्हिसांवर वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीची फी (केअरच्या व्हिसाला तो माफ आहे). पण हे नियम आश्रय मागणाऱ्यांनी केलेले नाहीत. मेसेज पुढे पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हेही टाका.