वेबसाइट करून घेण्याची शास्त्रोक्त पद्धत

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत तुमचे चादरी-टॉवेलचे यंत्रमाग असतील आणि परगावच्या एखाद्या पार्टीने वेबसाइटचा पत्ता विचारल्यामुळे तुमची पंचाईत झाली असेल, तर आता वेबसाइट करून घेणे भाग आहे. त्यासाठी मोठ्या कंपनीच्या वाटेला जाऊ नये, कारण कंपन्या आधी करारावर सही घेतात. जुळे सोलापुरात घरी बसून काम करणारा एखादा तरुण वेब डिझायनर गाठावा आणि पहिल्याच भेटीत ‘तू तर आपला घरचाच’ असे त्याला सांगून टाकावे. एवढे बोलून झाले की तुम्हाला दर विचारण्याची गरज उरत नाही आणि त्याला तो सांगण्याची सोय उरत नाही.

काय हवे आहे, हे मात्र सांगू नये. ‘एकदम साधी, पण बघणारा बघत राहिला पाहिजे’ एवढे पुरते. गिऱ्हाईक घाऊक की किरकोळ, ऑर्डर फोनवर घ्यायची की साइटवर, परत आलेल्या मालाचे काय करायचे, असे तो खोदून विचारू लागला, तर मोबाइलवर ॲमेझॉन उघडून ‘हे असेच, फक्त आपल्यापुरते’ म्हणावे.

मग तो मजकूर मागेल. ‘तुम्हीच लिहा, तुम्ही शिकलेले आहात’ असे सांगून त्याला गौरवावे. जागा भरून दाखवण्यासाठी तो ‘लोरेम इप्सम’ नावाचा लॅटिनसारखा दिसणारा निरर्थक मजकूर घालतो. त्यावर त्याचे इंग्रजी फार अशुद्ध असल्याची तक्रार नोंदवावी. फारच गळ्याशी आले, तर कारखान्याच्या रौप्यमहोत्सवाला छापलेल्या पुस्तिकेची फाइल पाठवावी. ती डीटीपीवाल्याने युनिकोडपूर्व फाँटात केलेली असते, म्हणजे आत इंग्रजी अक्षरे आणि वर मराठीचा मुखवटा, त्यामुळे साइटवर चिकटवताच तुमच्या वडिलांच्या जीवनकार्याचे कंस, टक्के आणि उद्गारचिन्हे होतात. ‘आमच्या कॉम्प्युटरवर तर बरोबर दिसते’ हे उत्तर येथे चपखल बसते आणि खरेही असते. पुढे तो रात्र जागून सगळे पुन्हा टाइप करतो.

छायाचित्रांचा शिरस्ता वेगळा आहे. मोराची चादर जिन्याच्या कठड्यावर टाकावी, खाली कोणाच्या तरी चपला राहू द्याव्यात आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवावा, म्हणजे तो वाटेतच आकसून जातो. चपला काढा, मोराचा निळा रंग मूळ चादरीसारखा करा आणि झूम केल्यावर धागा न् धागा दिसू द्या, एवढ्याच किरकोळ अपेक्षा सोबत लिहाव्यात. मूळ चादर त्याला बघायला देऊ नये. माल बाहेर जातो.

खरा कस बदल सुचवताना लागतो. आपल्या जकार्ड मागावर मोर उमटवायचा तर आधी आलेखाच्या कागदावर नक्षी बसवावी लागते, मग तिच्याबरहुकूम पुठ्ठ्यांना भोके पाडावी लागतात, आणि पुठ्ठे मागावर चढल्यानंतर ‘मोर जरा उजवीकडे वळवा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही चहासुद्धा विचारणार नाही. ही समज कारखान्याच्या फाटकातच ठेवून यावे. साइट पूर्ण झाल्यावर ती मेहुणे, पुतण्या, हिशेबनीस आणि सुट्टीला आलेली भाची यांना दाखवून प्रत्येकाचे मत वेगवेगळ्या वेळी कळवावे. लोगो मोठा करण्याविषयी मात्र सर्वांचे एकमत असतेच. (जोसेफ मारी जकार्ड यांनी 1804 मध्ये पुढे आणलेल्या मागाच्या भोकांच्या पुठ्ठ्यांवरूनच संगणकाचे जनक मानले जाणारे चार्ल्स बॅबेज यांना आपल्या गणनयंत्राला हुकूम देण्याची कल्पना उचलावीशी वाटली, त्यामुळे या पोराचा धंदा एका अर्थी तुमच्याच शेडमधून निघाला आहे, पण हे त्याला सांगू नये, भाव वाढवेल.)

बिलाचा विषय निघाला की दिवाळी होऊ द्यावी, दिवाळी झाली की संक्रांतीची गड्डा यात्रा उलटू द्यावी, आणि त्यानंतर मार्चअखेर आहेच. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत लहान उद्योजकाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. हे तुम्हाला चांगले ठाऊक आहे, कारण तुमच्या घाऊक गिऱ्हाइकांना धाडायच्या पत्रांत हेच कलम तुम्ही लिहून घेतलेले आहे. त्या पोराने ही नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, केली आहे का, एवढे मात्र विचारू नये. विचारले तर तो करील.

डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, त्याच्याच ईमेलवर आणि त्याच्याच कार्डावर घ्यायला लावावे, आपल्याला त्यातले काही कळत नाही असे म्हणावे. मुदतीआधीच्या सूचना मग त्यालाच जातात, त्या त्याने तुम्हाला पाठवाव्यात आणि तुम्ही त्यांवर अंगठा उंचावलेले चित्र टाकावे. पुढे साइट बंद पडली की रविवारी सकाळी फोन करून ‘तुमच्या साइटला काय झाले?’ असे विचारावे. तो नूतनीकरणाचे पैसे मागेल. तेव्हा ती रक्कम मागच्या बिलात धरलेली होती, असे ठामपणे सांगावे. ते बिलच अजून दिलेले नाही, हे त्याच्या तोंडून निघेपर्यंत दम धरावा.