जरा बसून घ्या

आत्म्यांशी बोलायला जमलेल्या मंडळींच्या कार्यक्रमाला इंग्रजीत 'सेआन्स' म्हणतात. हा शब्द ऐकला की अंगावर काटा यावा अशी रीत आहे. मला मात्र भाड्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिसतात.

शब्द मूळचा फ्रेंच आणि अर्थ नुसता 'बैठक'. पॅरिसात संसद भरते ती सेआन्स, सिनेमाचा तीनचा खेळ तोही सेआन्स. मूळ लॅटिन 'सेदेरे', म्हणजे बसणे. आपल्या संस्कृतातला 'सद्' त्याच कुळातला. त्यामुळे सदन, संसद, उपनिषद आणि ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचे सभासद ही सगळी सेआन्सची चुलत भावंडं. यात भूत कुठेच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेत आणि इंग्लंडात लोक आत्म्यांसाठी टेबलाभोवती बसायला लागले आणि साध्यासुध्या बैठकीला इंग्रजीत पछाडलं गेलं.

आपण तो शब्द घेतलाच नाही. आपण 'प्लँचेट करतो'. हाही फ्रेंचच, अर्थ 'छोटी फळी'. तिला दोन बारीक चाकं आणि तिसऱ्या पायाच्या जागी पेन्सिल. सगळ्यांनी बोटं टेकवायची, फळी आपोआप लिहिणार. आपल्याकडे फळी गेली, स्टीलची वाटी आली, नाव तेवढं राहिलं.

वाटी आमटीची नको, लहान हवी, काठ गुळगुळीत हवा. अक्षरं लिहिलेल्या कार्डशीटवर उपडी ठेवायची आणि प्रत्येकाने एकच बोट, तेही हलकेच; वाटी एकेका अक्षरापाशी सरकत उत्तर देते. ठाण्यातल्या जुलैत कार्डशीट दमटपणाने फुगते आणि वाटी 'एम'पाशी अडते. सनमायकाचं टेबल घ्यावं, वर कॅरमची पावडर भुरभुरावी. पंखा लावला तर मेणबत्ती विझते, बंद ठेवला तर बोटाला घाम येऊन वाटी निसटते. डास आत्म्याला घाबरत नाहीत.

खरी पंचाईत अक्षरांची. इंग्रजीत 26 अक्षरांत काम भागतं. मराठीत स्वर, व्यंजनं मांडली तरी काना, मात्रा, वेलांटी कुठे ठेवणार? नुसतं 'ठाणे' लिहायला वाटीला चार ठिकाणी फिरावं लागेल. म्हणून घरोघरी रोमन लिपी. ज्या पणजीने जन्मभर अंगठा उठवला, ती वर गेल्यावर बिनचूक स्पेलिंग सांगते. याला मी चमत्कारच म्हणतो.

ढकलतं कोण? हात ठेवले की टेबलं आपोआप फिरण्याचं खूळ युरोपभर पसरलं होतं तेव्हा, 1853 मध्ये, इंग्रज शास्त्रज्ञ मायकल फॅरेडेने पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थाने जोडून टेबलावर ठेवले आणि हात वरच्या थरावर ठेवायला सांगितले. टेबल हाताला ओढत असतं तर खालचा थर आधी सरकला असता. सरकला वरचा. म्हणजे हातच ढकलत होते आणि हातांच्या मालकांना त्याचा पत्ता नव्हता. पडताळा घरीही घेता येतो: सगळ्यांचे डोळे बांधा, मग गुपचूप अक्षरांचा कागद फिरवा. पणजी एकदम निरक्षर होते.

पण आत्मे तरी बोलावल्यावर येतात म्हणे. सोसायटीच्या सभासदांचं काय? वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत, नोटीस 14 दिवस आधी, गणपूर्तीला दोनतृतीयांश सभासद किंवा 20, जे कमी असेल ते. ठरल्या वेळी गच्चीवर पाच जण. सेक्रेटरी रिकाम्या खुर्च्यांकडे बघून विचारतात, "कोणी आहे का?" अर्धा तास उत्तर येत नाही. सभा तहकूब. पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट नसते, त्यामुळे पाच जणांतच पाण्याच्या टाकीचा ठराव पास होतो.

आठवड्याने इतिवृत्त येतं. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. तमुक त्या वेळी तलावपाळीवर भेळ खात होते. पेन सेक्रेटरींच्याच हातात होतं, पण बोट हलकंच टेकवलेलं असणार.