‘कार्ड टाकल्याशिवाय मीडिया सर्व्हर नाही’ : नाही कसा?

घरातला जुना पीसी कोपऱ्यात ठेवायचा, त्यावर जेलीफिन नाहीतर प्लेक्स हे मीडिया सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकायचं आणि लग्नाचे व्हिडिओ, पिक्चर, मॅचेस घरातल्या कुठल्याही टीव्हीवर लावायच्या. हा घाट घालणाऱ्याला कोल्हापुरात कुणी ना कुणी एक मेसेज हमखास फॉरवर्ड करतं. मेसेज सांगतो ते असं : ग्राफिक्स कार्डाशिवाय मीडिया सर्व्हर चालत नाही. प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स फक्त डेस्कटॉप दाखवायला असतं. कार्ड जितकं महाग तितकं चित्र स्वच्छ. आणि कार्ड बसलं की पुण्यातनं बघणाऱ्या पोरांचंही अडकणं बंद. हे वाचून माणूस तडक राजारामपुरीतलं दुकान गाठतो. जरा थांबा भावांनो.

‘कार्डाशिवाय चालत नाही’ हे आधी घेऊ, कारण बाकी सगळं यावरच उभं आहे. सर्व्हरचं मूळ काम फाईल उचलून टीव्हीकडे पाठवणं. टीव्हीला ती जशीच्या तशी कळली तर सर्व्हर तिला हात लावत नाही. याला डायरेक्ट प्ले म्हणतात आणि त्याला जुना लॅपटॉपही पुरतो. ट्रान्सकोडिंग, म्हणजे व्हिडिओ उलगडून चालता चालता दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बांधणं, लागतं ते समोरच्याला फॉरमॅट कळत नसेल, नेट कमी पडत असेल किंवा सबटायटल चित्रावरच उमटवायची असतील तेव्हा.

आता आपल्या घरात नेमकं काय असतं ते बघा. लग्नाच्या डीव्हीडी : एमपेग-२ नावाचा जुना फॉरमॅट, चित्र ७२० बाय ५७६. ब्राउझरला एमपेग-२ चालत नाही, म्हणजे ट्रान्सकोडिंग होणारच. पण चित्र एवढंसं असतं की साधा आय-थ्री सुद्धा ते निव्वळ सीपीयूवर, म्हणजे ग्राफिक्सची मदत न घेता, सहज करतो. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल मॅचेसचं मोबाइलवरचं शूटिंग एचईव्हीसी या नव्या, कमी जागा घेणाऱ्या फॉरमॅटमध्ये असू शकतं (आयफोन २०१७ पासून नेहमीच्या सेटिंगला तेच वापरतात). नवीन टीव्ही ते थेट दाखवतो, जुन्याला झेपत नाही. पिक्चरचा आवाज डीटीएस या फॉरमॅटमध्ये असेल आणि टीव्हीला तो कळत नसेल, तर फक्त आवाज बदलतो. ते काम सीपीयूच करतो, ओझंही किरकोळ असतं, आणि कार्डाचा त्यात काही संबंध नाही.

खरी मेख ब्लू-रेच्या सबटायटलमध्ये आहे. ती अक्षरं नसून चित्रं असतात. ज्या ॲपला ती वेगळी दाखवता येत नाहीत, तिथे सर्व्हर सगळा पिक्चर नव्याने बांधत बसतो. त्यात फाईल ४के एचडीआर (जास्त उजेड-रंगांची) आणि टीव्ही साधा असेल तर रंगही बदलावे लागतात, त्याला टोन मॅपिंग म्हणतात. इथे निव्वळ सीपीयू खरंच गुडघे टेकतो. त्या पिक्चरची एसआरटी, म्हणजे साध्या अक्षरांतल्या सबटायटलची फाईल मिळाली तर सबटायटलपुरता प्रश्न एक रुपया न घालवता मिटतो.

मग ‘आतलं ग्राफिक्स डेस्कटॉपपुरतं’ हे तरी खरं का? साफ चूक. इंटेलने २०११ मध्ये क्विक सिंक आणलं, ते प्रोसेसरमध्येच बसवलेलं व्हिडिओचं स्वतंत्र सर्किट आहे. गेमिंगच्या ताकदीशी त्याला देणंघेणं नाही. फक्त पिढी बघून घ्यायची. चौथ्या पिढीच्या सर्किटला एचईव्हीसी येतच नाही. सातव्या पिढीपासून १०-बिट एचईव्हीसी उलगडताही येतं आणि बांधताही. त्यामुळे ऑफिसातनं निघालेला आठव्या पिढीचा आय-फाइव्ह मिळाला तर घरापुरतं काम झालं. २०२३ मध्ये आलेला एन१०० तर ६ वॉटचा प्रोसेसर, पण एव्ही१ हा एचईव्हीसीहूनही नवा फॉरमॅट सुद्धा उलगडतो. एक खबरदारी : नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये आतलं ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंकही नाही. स्वस्त पडतो म्हणून हाच गळ्यात मारून घेतात लोक.

महाग कार्ड, स्वच्छ चित्र? एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० आणि ३०९० मध्ये व्हिडिओ बांधणारा भाग एकाच पिढीचा आहे. जास्तीचे पैसे गेमिंगला जातात, पिक्चरला नाही. उलट जीटी १०३० घेतलं तर तो भाग त्यात मुळातच नाही, एएमडीच्या आरएक्स ६४०० मध्येही नाही. कार्ड बसवलं, एन्कोडिंग (व्हिडिओ बांधणं) शून्य!

पुण्यातल्या अडकण्याचं सांगायचं तर सर्व्हर कोल्हापुरात आहे, म्हणजे बघायचा तो तुमच्या घरचा अपलोड स्पीड. ६० एमबीपीएसची ४के फाईल २० च्या अपलोडमधनं जाणार नाही, हे गणित कुठलंही कार्ड बदलत नाही. ती ८ एमबीपीएसच्या १०८०पी वर उतरवली तर जाईल, आणि ते उतरवण्याचं काम वर सांगितलेलं आतलं ग्राफिक्स करतं. मेसेजमध्ये अपलोडचा उल्लेखसुद्धा नाही.

कार्ड कुणी घ्यावं मग? प्रोसेसर ‘एफ’वाला किंवा फार जुना आहे, रायझन आहे पण ग्राफिक्सशिवायचा, किंवा एकाच वेळी बरेच जण बाहेरून ४के बघणार आहेत, त्यांनी. तिथेही माझं मत इंटेलच्या आर्क ए३१० किंवा ए३८० कडे झुकतं, एव्ही१ बांधता येणारी लहान कार्डं आहेत ती. एएमडीचं आधीच असेल तर वापरा, या कामासाठी मुद्दाम घेऊ नका, कारण एच.२६४ या सगळीकडे चालणाऱ्या फॉरमॅटमध्ये बांधण्यात त्यांची कार्डं बऱ्याच पिढ्या मागे राहिली. आणि सर्व्हर चोवीस तास चालतो हे विसरू नका. कार्डाने नुसतं बसून १५ वॉट जास्त खाल्ले तर महिन्याला जवळपास ११ युनिट होतात. महावितरणच्या १०० युनिटांच्या टप्प्याच्या काठावर असलेल्या घराला ते जाणवतं.

विकत घेण्याआधी एवढं करा. नेहमीचे पिक्चर लावून जेलीफिनच्या डॅशबोर्डवर बघा, कुठली फाईल थेट चालते, कुठली ट्रान्सकोड होते आणि का, ते तिथे दिसतं. क्विक सिंक चालू करूनही सीपीयू शंभर टक्क्यांवर असेल तर लिनक्सवर बहुधा परवानगीचा घोळ असतो : वापरकर्ता ‘रेंडर’ ग्रुपमध्ये नाही, किंवा सर्व्हर डॉकरमध्ये (सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) असेल तर त्याला ग्राफिक्सचं डिव्हाइस दिलेलंच नाही. प्लेक्सवाल्यांनी आधी प्लेक्स पास (प्लेक्सची पैसे भरून घ्यायची सुविधा) आहे का ते तपासा. तो नसेल तर हार्डवेअर ट्रान्सकोडिंग सुरूच होत नाही, मग आत कितीही भारी कार्ड असो.