डीलरला सांगू नका म्हणे!

‘वीस वर्षांचा अनुभव असलेल्या मेकॅनिकचा सल्ला, सेव्ह करून ठेवा’ असा मथळा असलेला एक लांबलचक मेसेज सध्या घराघरांतल्या आणि सोसायट्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. मेकॅनिकचं नाव नाही, गाव नाही. मजकूर थोडक्यात असा. सेकंडहँड गाडीच्या मागच्या सीटखालून घूंऽऽ असा आवाज येत असेल तर तो फ्युएल पंपाचा. त्याबद्दल डीलरला सांगू नका, कारण वॉरंटी फक्त बंद पडलेल्या पार्टला असते. पंप पूर्ण बसला की मगच जा. तोवर टाकी अर्ध्याच्या वर भरू नका, कारण पेट्रोलचं वजन पंपावर येतं. दर टाकीला शंभर मिली टू-टी ऑइल आणि पेलाभर रॉकेल घाला, आवाज गायब. दुसऱ्या मालकाला कंपनी दारातही उभं करत नाही, म्हणून बाजारातून नुसती मोटर आणा आणि घरीच सीट उचलून बदला. गाडी अडली तर टाकीला खालून हातोडा मारा. आणि हे सगळं E20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलमुळे होतंय, त्यामुळे भरपाई कुणाकडूनच मिळणार नाही.

मी असल्या मेसेजकडे दुर्लक्ष करतो. पण सांगलीहून आत्याचा फोन आला, “अरे, ते टू-टी ऑइल शंभर मिली म्हणजे औषधाच्या बाटलीचं झाकण भरून किती?” तिनं पुण्याच्या एका डीलरकडून जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतलीय, सहा महिन्यांची वॉरंटी अजून चालू आहे, आणि गाडी आवाज करतेय. डीलरला कळवलंस का, विचारलं तर म्हणाली, “नको, त्यात लिहिलंय ना, सांगायचं नाही.” म्हणून हा खटाटोप.

आधी तो आवाज. आजच्या पेट्रोल गाड्यांत इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा हा पंप बहुतेक वेळा टाकीच्या आतच, पेट्रोलात बुडालेला असतो. विजेवर चालणारी छोटी मोटर आणि तिच्या टोकाला इम्पेलर नावाचं पात्यांचं चाक. चावी ‘ऑन’ केली की सेल्फ मारण्याआधी दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते. पंप लाइनमध्ये दाब भरत असतो. ही गुणगुण निरोगी आहे, तिच्यासाठी कुणाला फोन करायची गरज नाही. काळजी कशाची करायची? गाडी चालू असताना आवाज सतत येत राहणं, गाडी तापल्यावर किंवा काटा खाली गेल्यावर तो वाढणं, सोबत सेल्फ जास्त वेळ मारावा लागणं, चढाला पिकअप तुटणं, गरम गाडी बंद पडून थंड झाल्यावर पुन्हा चालू होणं. आणि आवाज फक्त गाडीच्या वेगाबरोबर चढत-उतरत असेल तर पंप सोडा, मागच्या चाकाचं बेअरिंग आधी तपासा.

आता टाकीतलं वजन. छोट्या गाडीची टाकी साधारण 35 लिटरची, म्हणजे भरलेलं पेट्रोल 26 किलोच्या आसपास. ऐकायला पुष्कळ. पण पंपाला हे 26 किलो डोक्यावर घ्यायचे नसतात. त्याच्यावर असतो तो फक्त वीस-पंचवीस सेंटिमीटर उंचीच्या पेट्रोलचा दाब, आणि तो भरतो एका बारचा पन्नासावा हिस्सासुद्धा नाही. हाच पंप इंजिनाकडे पेट्रोल ढकलतो ते 3 ते 4 बार दाबानं. टायरच्या हवेच्या भाषेत 43 ते 58 पीएसआय. आपण टायरमध्ये 30-33 भरतो. जो गडी चार बारची ढकलाढकली करतो तो टाकीतल्या पेट्रोलानं दबून जाईल, हे ‘वीस वर्षं अनुभव’वाल्याला कुठल्या गॅरेजात दिसलं कोण जाणे. शिवाय वरचं पेट्रोल पंपाला मदतच करतं, कारण ते आत यायला सोपं जातं.

खरा धोका नेमका उलट्या बाजूला आहे. पंपाच्या मोटरमधून पेट्रोल वाहतं तेव्हाच ती थंड राहते आणि तिला वंगण मिळतं. टाकी अर्ध्याच्या वर भरायचीच नाही म्हटलं की ती सारखी रिझर्व्हजवळ येते. मग पंप उघडा पडतो, वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की हवा ओढतो, तापतो, आणि घूंऽऽचा किंऽऽ होतो. म्हणजे मेसेजनं ज्या आवाजावर उपाय सांगितला, त्या उपायानंच तो आवाज वाढणार. उन्हाळ्यात टाकी फुल्ल केली की स्फोट होतो, ही जुनी अफवा या वजनाच्या गोष्टीची मोठी बहीण. तिचं इंडियन ऑइलनं स्वतः जाहीर खंडन केलं होतं: कंपनीनं ठरवलेल्या कमाल मर्यादेपर्यंत उन्हाळ्या-हिवाळ्यात खुशाल भरा. आत्याला मी एवढंच सांगितलं, की काटा पावच्या खाली जाऊ देऊ नकोस.

टू-टी ऑइल आणि रॉकेल. टू-टी जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरींसाठी होतं, कारण त्यांच्या इंजिनाला वंगण पेट्रोलातूनच मिळायचं. चारचाकीत ते जळून प्लगवर, ऑक्सिजन सेन्सरवर आणि धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाऊन बसतं. रॉकेलनं पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो आणि इंजिन नॉक करायला लागतं. आवाज दोन दिवस कमी झाल्यासारखा वाटेलही. पण समजा पंप नंतर बसलाच, गाडी वर्कशॉपला गेली, त्यांनी टाकीतून नमुना काढला आणि त्यात तेल सापडलं, तर? ‘भेसळयुक्त इंधन’ हे कलम जवळपास प्रत्येक वॉरंटीच्या अपवादांत असतं. क्लेम तिथंच संपला, आणि तो आपल्याच हातानं संपवला.

इथंच मला या मेसेजचा खरा राग येतो. यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला गाडीवाल्याचं नुकसान आणि डीलरचा फायदा करणारा आहे. एखाद्या डीलरनं बसून लिहिला असता तरी याहून सोयीचा झाला नसता.

सगळ्यात घातक म्हणजे ‘सांगू नका, पूर्ण बसू द्या’. अर्धसत्य कबूल करतो: नुसता ‘आवाज येतो’ म्हणून गेलात तर ‘नॉर्मल आहे’ म्हणून परत पाठवतात, आणि अनेक वॉरंट्यांच्या अपवादांत आवाज, कंप, नेहमीची झीज हे शब्द खरंच असतात. पण त्यावर उपाय गप्प बसणं हा होऊ शकत नाही. वॉरंटीला तारीख असते, पंपाला नसते. सहा महिन्यांची वॉरंटी आज संपली आणि पंप पुढच्या आठवड्यात बसला, तर तुमच्या हातात काय? मुदतीत केलेली लेखी तक्रार असेल तर बोलायला जागा आहे. नसेल तर तुम्ही फक्त जुन्या गाडीचे मालक. शिवाय ‘दोष लक्षात आल्यावरही गाडी चालवत राहिल्यानं वाढलेलं नुकसान’ हाही अपवाद पुष्कळ कागदांवर असतो. म्हणजे वाट पाहणाराच त्यात अडकतो.

आणि पैशांचं सोडा. पंप बसतो तो घरासमोर बसेल याची हमी कुणी दिलीय? पुण्याहून सांगलीला येताना खंबाटकीचा घाट चढायचा, पुढे-मागे ट्रक, आणि मध्येच इंजिन गेलं तर? स्टिअरिंग जड होऊ शकतं. ब्रेकच्या बूस्टरमध्ये उरलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन वेळा ब्रेक नीट लागतो, नंतर पाय जीव खाऊन दाबावा लागतो. आत्या साठीची आहे. तिला हा प्रयोग करायला सांगणारा माणूस मला एकदा भेटू दे.

म्हणून आम्ही काय केलं ते सांगतो. वॉरंटीचा कागद काढला आणि झाकलेल्या पार्टची यादी वाचली, कारण काही वॉरंट्यांत फक्त इंजिन-गिअरबॉक्स असतो आणि काहींत फ्युएल पंप नाव घेऊन असतो. आत्याच्या कागदात पंप निघाला. मग डीलरला ईमेल आणि तोच मजकूर व्हॉट्सअॅपवर: गाडीचा नंबर, किलोमीटर, आवाज कधीपासून, कोणत्या परिस्थितीत वाढतो, सेल्फ किती वेळ मारावा लागतो. सोबत दोन व्हिडिओ, एक थंड गाडीचा, एक तापल्यावरचा. मुख्य मागणी एकच: फ्युएल प्रेशर गेज लावून मोजा आणि आकडा जॉब कार्डवर लिहा. ‘आवाज नॉर्मल’ हे मत झालं. दाब कंपनीच्या ठरलेल्या आकड्यापेक्षा कमी भरला की त्यावर मताला जागा राहत नाही. दाब बरोबर निघाला तर पंपाखालची जाळी, फिल्टर आणि वायरिंगचं व्होल्टेज बघायला सांगा. जाळी कचऱ्यानं तुंबली की चांगला पंपही रडतो.

डीलरनं हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे डीलर पुण्याचा असला तरी आत्याला सांगली पुरे. तक्रारीचं कारण घडल्यापासून मुदत दोन वर्षं, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

‘दुसऱ्या मालकाला कंपनी उभं करत नाही’ हे तर धडधडीत खोटं आहे, आणि खुद्द फ्युएल पंपाच्याच बाबतीत खोटं आहे. जुलै 2020 मध्ये मारुती सुझुकीनं वॅगनआर आणि पेट्रोल बलेनो मिळून 1,34,885 गाड्या परत बोलावल्या. कशासाठी? सदोष फ्युएल पंपासाठी. मार्च 2024 मध्ये पुन्हा, 11,851 बलेनो आणि 4,190 वॅगनआर, जुलैअखेर ते 1 नोव्हेंबर 2019 या काळात बनलेल्या, फ्युएल पंपाच्या मोटरमधल्या एका भागासाठी. ऑक्टोबर 2024 मध्ये होंडानं अमेझ, सिटी, जॅझ, डब्ल्यूआर-व्ही वगैरे 90,468 गाड्यांचे पंप फुकट बदलून द्यायचं जाहीर केलं. त्यांच्या इम्पेलरमध्ये दोष असू शकतो आणि कालांतरानं इंजिन बंद पडू शकतं किंवा सुरूच होणार नाही, असं कंपनीनंच सांगितलं. या काळातल्या कितीतरी गाड्या आज सेकंडहँड बाजारात उभ्या आहेत.

असं गाड्या परत बोलावणं म्हणजे रिकॉल, आणि तो चेसिस नंबरवर चालतो. मालक पहिला की तिसरा, वॉरंटी चालू की संपलेली, याचा त्यात संबंध नाही. अडचण एकच: कंपनीकडे नाव-पत्ता असतो पहिल्या मालकाचा. त्यानं दुर्लक्ष केलं आणि गाडी विकली, तर तुम्हाला कळणार कसं? आरसीवर सतरा अक्षर-अंकांचा चेसिस नंबर असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर रिकॉलच्या रकान्यात टाका किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोनवर सांगा. पाच मिनिटांचं काम. डीलरशी भांडायच्या आधी हे करा, कारण भांडणाची गरजच कदाचित उरणार नाही. आत्याची गाडी कुठल्याच यादीत निघाली नाही, ते तिचं नशीब.

बाजारातली नुसती मोटर स्वस्त पडते, खरंय. वॉरंटी संपलेल्या गाडीला विश्वासातल्या फिटरकडून चांगल्या मेकची बसवून घेतली तर माझी हरकत नाही. पण वॉरंटी चालू असताना, डीलरच्या मंजुरीआधी पंप उघडला तर खर्च तर मिळत नाहीच, शिवाय नंतरच्या कुठल्याही बिघाडाचं खापर त्या उघडण्यावर फोडतात. आणि मेसेजमधलं ‘घरीच सीट उचलून बदला’ हे वाचून मला घाम फुटला. लाइनमध्ये दाब असतो, टाकीचं तोंड उघडलं की वाफ गाडीभर पसरते, आणि हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्क्याच्या आसपास झाली की एक ठिणगी पुरते. बॅटरीची वायरसुद्धा न काढता हे काम करायला निघालेल्यांना परमेश्वर वाचवो.

हातोडा. यात तथ्य आहे, नाइलाजानं मान्य. मोटरचे ब्रश झिजून अडकले असतील तर टाकीला खालून हलका ठोका दिल्यावर पंप कधीकधी फिरतो, आणि रस्त्यात अडकलेल्या माणसाला तेवढ्यानं गॅरेज गाठता येतं. हलका ठोका, रबरी हातोडा किंवा चपलेनं, टाकीला पोचा येणार नाही असा. त्यानंतर गाडी थेट गॅरेजला न्यायची. रोज सकाळी ठोकून ऑफिसला जायचं नाही.

राहिलं E20. इथं मेसेज अगदीच हवेत बोलत नाही. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या-सीलांना त्रास देऊ शकतं, पाणी धरतं, आणि टाकीत वर्षानुवर्षं बसलेला मळ सोडवून जाळीवर आणून टाकतं. एप्रिल 2023 च्या आधीच्या बऱ्याच गाड्या E20 साठी बनलेल्याच नव्हत्या. पण त्यावरून ‘भरपाई कुणाकडूनच मिळणार नाही’ हा निष्कर्ष कुठून निघाला? डीलरनं आत्याची गाडी E20 सगळीकडे मिळत असतानाच वॉरंटी लावून विकलीय. बहुतेक पेट्रोल पंपांवर दुसरं साधं पेट्रोल मिळत नाही हे विकताना त्याला ठाऊक होतं. त्याला E20 चं कारण द्यायचं असेल तर ते त्यानं लेखी द्यावं, गेजच्या आकड्यासह.

डीलरनं सोमवारी गाडी आणायला सांगितलंय. टू-टीची सीलबंद बाटली आत्यानं शेजारच्या जुन्या स्कूटरवाल्याला देऊन टाकली.