फिटच्या (मिरगीच्या) गोळ्यांवरचा तो मेसेज: खुलासा
‘सहा महिने फिट आली नाही की गोळ्या बंद करा, नाहीतर सवय लागते,’ असा मेसेज गोव्यात डिचोली-पेडण्याकडे फिरतोय. साफ चूक. फिट येत नाही ती बहुधा गोळीमुळेच. साधारण 2 वर्षं फिटविना गेल्यावर डॉक्टर गोळी थांबवायचा विचार करतात, तोही डोस हळूहळू उतरवत. एकदम सोडली तर न थांबणारी फिट येऊ शकते. 5 मिनिटांवर गेली तर 108 लावा.

खरी अडचण घरातली. चवथीला (गणेश चतुर्थीला) पाहुणे भरलेले, लग्नाची मुलगी गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यामागे लपवते, माटोळीच्या (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या) गडबडीत रात्रीची गोळी राहते, वर आरत्यांचं जागरण; अशानेच फिट उलटते. (मग कांदा हुंगवायला मात्र सगळे पुढे!) गोळी चुकली तर काय करायचं, ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.